खानदेशच्या उन्हाळ्यात तग धरेल असं संगणकाचं कॅबिनेट: हवेची वाट घरच्या घरी कशी करावी

होळी झाली की जळगाव-भुसावळ पट्ट्यात एक तक्रार ठरलेली. "भाऊ, दुपारले मशीन बंद पडी जास." सकाळी मशीन ठणठणीत चालतं. बारानंतर अडखळायला लागतं, दोन-तीनच्या सुमारास आपोआप बंद होतं आणि संध्याकाळी पुन्हा सुरळीत. मग विंडोज नव्याने टाकलं जातं, रॅम बदलली जाते, कुणी एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदलून घेतं. बहुतेक वेळा दोष यांपैकी कशातच नसतो. प्रोसेसर तापतो, जीव वाचवायला आधी वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद करतो. तो तापतो कारण कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर पडत नाही. ती बाहेर पडत नाही, कारण नवी हवा आत यायला पुढून जागाच ठेवलेली नसते.

म्हणून पंखे वाढवण्याआधी वाट मोकळी करायची, हे या लेखाचं सूत्र. माझ्याकडे येणाऱ्या मशीनपैकी पुष्कळांत पंखे पुरेसे असतात. समोरचा फेशिया, म्हणजे पुढचं झाकण, मात्र अखंड प्लास्टिकचा किंवा काचेचा, आणि दोन्ही कडांना करंगळीही जाणार नाही अशी फट.

थोडं गणित

मशीन जेवढी वीज खाईल, तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन कॅबिनेटमध्येच येते. ती बाहेर नेणारी हवा किती, यावर आतलं तापमान ठरतं. हिशेब असा: वॅटला १.७६ ने गुणायचं आणि हवेच्या प्रवाहाने, म्हणजे सीएफएमने (मिनिटाला किती घनफूट हवा), भागायचं. जे उत्तर येईल तितके अंश सेल्सियस आतली हवा खोलीपेक्षा गरम. ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन कामात असताना २५० वॅट घेतंय आणि कॅबिनेटमधून प्रत्यक्षात २० सीएफएम हवाच वाहतेय असं धरा. मग आतली हवा खोलीपेक्षा २२ अंशांनी गरम होणार. तीच हवा ४५ सीएफएम झाली की फरक १० अंशांवर येतो.

पंख्याच्या खोक्यावर ५० किंवा ६० सीएफएम छापलेलं असतं. तो आकडा समोर काहीही आडवं नसतानाचा. बंद फेशियामागे त्याच पंख्याने त्याच्या निम्मी हवा दिली तरी पुष्कळ.

आता यात आपला मे महिना घाला. पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीच्या खोलीत दुपारी ४० अंश म्हणजे काही विशेष नाही. त्यात २२ मिळवले की प्रोसेसरच्या पंख्याला ६२ अंशांची हवा मिळते. साधा कंपनीचा हीटसिंक (प्रोसेसरवर बसणारा, उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) भरपूर कामात हवेपेक्षा ४० अंशांनी वर जातो असं धरलं, तर बेरीज शंभरावर जाते. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. तेच मशीन डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत आरामात चालतं, त्यामुळे मालकाला वाटतं की उन्हाळ्यात काहीतरी बिघडलं. ते कॅबिनेट पहिल्या दिवसापासूनच तोकडं असतं. फक्त थंडीत ते झाकून जातं.

पेंटियम ४ च्या काळात इंटेलने कॅबिनेट बनवणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक नमुना काढला होता. खोलीत ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्याशी पोचणारी हवा ३८ च्या आसपास राहावी, असं त्यात गृहीत होतं. म्हणजे तिथे सुरुवातच ३५ पासून. आपल्याकडे ३५ हा मार्चचा आकडा.

आधी मोजा, मग पत्र्याला हात लावा

मोजमापाशिवाय कापाकापी करू नका. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, डिस्क यांचं तापमान आणि पंख्यांचे आरपीएम एका ठिकाणी दिसतात. खोलीचा साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या तोंडाशी ठेवा, कारण तुलना त्याच्याशी करायची आहे. आज खोलीत ४१ असेल आणि उद्या ३६, तर नुसता प्रोसेसरचा आकडा काहीच सांगत नाही. प्रत्येक वेळी प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा आणि तो फरक वहीत लिहा.

चाचणी तीन टप्प्यांत घ्या. पहिल्यांदा सगळं बंद ठेवून, ओसीसीटी किंवा सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारी सॉफ्टवेअर) अर्धा तास चालवून. दुसऱ्यांदा डावीकडचा साइड पॅनेल काढून तेवढाच वेळ. तिसऱ्यांदा साइड पॅनेल परत लावायचा आणि पुढचा फेशिया काढायचा. तो बहुतेक कॅबिनेटला खालून ओढला की निघतो, फक्त पॉवर बटणाच्या आणि यूएसबीच्या वायरी सांभाळा.

साइड पॅनेल काढून फरक पाच अंशांपेक्षा जास्त उतरला, तर दोष कॅबिनेटचा. काहीच उतरला नाही, तर हीटसिंक, त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट किंवा पंखा बघा, कॅबिनेट कापून उपयोग नाही. आणि नुसता फेशिया काढूनच जवळजवळ तितकाच फायदा दिसला, तर तुमचं काम फेशियावरच संपणार आहे. पत्रा कापायची गरज नाही. लोक ही तिसरी पायरी सोडतात आणि छताला भोक पाडून मोकळे होतात.

साइड पॅनेल कायमचा काढून ठेवणं हा उपाय मात्र नव्हे. उंदीर आणि पाली शिरतात हे एक. दुसरं, हवा ठरावीक वाटेने न जाता इकडेतिकडे फिरते, त्यामुळे डिस्क आणि मदरबोर्डचे कोपरे थंड व्हायचे राहतात.

झाडलोट आणि पेस्ट

आपल्याकडची धूळ एका जातीची नाही. जिनिंगच्या आसपास कापसाची रुई उडते. दसरा-दिवाळीपासून जिनिंग सुरू झालं की हीटसिंकच्या पंख्याखाली नमद्यासारखा थर बसतो, वरून मात्र पंखा स्वच्छ दिसतो. डाळमिलच्या भागात टरफलाची पिवळट भुकटी येते, ती तेलकट वाफेशी मिळून चिकटते. म्हणून हीटसिंकचा पंखा उचलून खाली बघितल्याशिवाय "साफ आहे" म्हणू नका.

मशीन अंगणात न्या. वायर काढा. हातातला इलेक्ट्रिक ब्लोअर पुरतो. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने मारायची पद्धत आहे, पण त्यात पाणी आणि तेलाचे थेंब येतात आणि दाब जास्त असतो, तो मोह टाळा. हवा मारताना प्रत्येक पंखा बोटाने किंवा काडीने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो भन्नाट फिरतो, बेअरिंग जातं आणि उलटी वीज मदरबोर्डकडे ढकलली जाऊ शकते. एसएमपीएसमध्ये बाहेरूनच हवा मारा. तो उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर भार शिल्लक असू शकतो.

दोन-तीन उन्हाळे पाहिलेली पेस्ट सुकून खडूसारखी झालेली असते. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसा, हरभऱ्याच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवा आणि हीटसिंक सरळ दाबा. इंटेलच्या जुन्या-नव्या कंपनी हीटसिंकला चार प्लास्टिकच्या पिना असतात. त्यातली एक नीट न बसणं हा गावोगाव दिसणारा दोष आहे. समोरासमोरच्या दोन पिना आधी, मग उरलेल्या दोन, असं टकटक आवाज येईपर्यंत दाबा. मग मदरबोर्डच्या मागून चारही टोकं सारखी बाहेर आलीत का ते पाहा.

एवढं करून पुन्हा मोजा. पुष्कळांचं काम इथेच होतं.

वाट ठरवणं

समोरून खालच्या भागातून आत, मागून वरच्या भागातून बाहेर: साध्या मशीनला एवढंच पुरतं. समोर दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा. छताला जागा असेल तर तिथला पंखा मागच्या बाजूचा वापरा. छताच्या पुढच्या भागात बाहेर टाकणारा पंखा बसवलात, तर समोरून आलेली थंड हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच तो वर ओढून घेतो.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा. तसं केलं की कॅबिनेटच्या आत किंचित दाब राहतो आणि फटींतून हवा बाहेर निघते. उलट केलं, म्हणजे ओढणारे कमी आणि फेकणारे जास्त, तर प्रत्येक फटीतून, यूएसबीच्या भोकातून, डीव्हीडी ड्राइव्हच्या दारातून धूळ आत खेचली जाते, तीही न गाळलेली. पुण्या-मुंबईकडे हा फरक कदाचित चालून जाईल. आपल्या रुईच्या हवामानात तो दोन महिन्यांत डोळ्यांना दिसतो.

पंख्याची हवा कुठल्या बाजूने येते हे ओळखायला बाण नसला तरी अडत नाही. ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या दांड्या आणि स्टिकर असतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

फेशिया उघडणं: सगळ्यात मोठा फायदा इथे

१२० मिमीच्या एका पंख्याची प्रत्यक्ष हवा ओढणारी जागा, मधला गट्टू वजा करून, साधारण ९० चौरस सेंटिमीटर भरते. दोन पंखे म्हणजे १८०. आता तुमच्या फेशियाच्या कडेच्या फटी मोजा. तीस सेंटिमीटर लांब आणि अर्धा सेंटिमीटर रुंद, अशा दोन, म्हणजे मिळून ३०. त्यातही आतून प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या. सहावा हिस्सा तोंड ठेवून पंख्याला श्वास घे म्हणणं म्हणजे स्वयंपाकघराची दारं-खिडक्या लावून एक्झॉस्ट सुरू करण्यासारखं आहे. निदान पंख्यांच्या जागेइतकं तोंड उघडायचं, हे लक्ष्य.

फेशिया प्लास्टिकचा असेल तर काम सोपं. आतल्या बाजूने पंख्यांसमोरची चौकट पेन्सिलने आखा, कडांना तीन सेंटिमीटर सोडा म्हणजे ताकद राहील. कोपऱ्यांत ड्रिलने भोकं पाडा आणि हॅक्सॉच्या पात्याने किंवा जिगसॉने सावकाश कापा. वेगात कापलं की प्लास्टिक वितळून पात्यामागे पुन्हा जुळतं. कडा कानसीने सरळ करा.

जाळी निवडताना दुकानदार दाखवेल ती उचलू नका, उघडी जागा बघा. गोल भोकांची, तिरप्या ओळींची पत्र्याची जाळी घेतली तर हिशेब असा: भोकाचा व्यास भागिले दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर, त्याचा वर्ग, गुणिले ९१, म्हणजे टक्केवारी आली. २ मिमीची भोकं ४ मिमी अंतरावर असतील, तर जेमतेम २३ टक्के जागा उघडी. ती जाळी लावून तुम्ही फेशिया जवळजवळ परत बंद केलात. ५ मिमीची भोकं ६ मिमी अंतरावर असतील तर ६३ टक्के. तारेची विणलेली जाळी याहून मोकळी असते आणि हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. जाळी आतून बसवा. दोन भागांच्या इपॉक्सीने चिकटवली तरी चालते, पण गरम गोंदाच्या कांडीने मात्र नको. बंद गाडीत किंवा तापलेल्या खोलीत तो मऊ पडतो.

पुढे काच असेल तर ती कापू नका. टफन्ड ग्लासला ड्रिल लागलं की सगळी काच एका क्षणात दाण्यांत उतरते, ती कापताच येत नाही. त्याऐवजी काचेच्या चारही स्क्रूंखाली दहा-पंधरा मिमीचे स्पेसर घालून तिला पुढे सरकवा. दिसायला थोडी बाहेर आलेली वाटते, पण चारी बाजूंनी फट मोठी होते. ॲक्रिलिक असेल तर जिगसॉने कापता येतं.

पंख्यांच्या मागे पत्र्याची छापील जाळी असेल, म्हणजे कारखान्यातच बारीक भोकं पाडलेली, तर तीही काढून टाकण्यासारखी असते. तिथे पत्रा कापावा लागतो.

पत्रा कापणं

आधी सगळं बाहेर. मदरबोर्ड, एसएमपीएस, डिस्क, वायरी, सगळं. "थोडंच कापायचंय, मदरबोर्डवर कापड टाकतो" हा विचार मनात आला तर काम उद्यावर टाका. लोखंडाचा एक बारीक कीस रॅमच्या स्लॉटमध्ये गेला तर मदरबोर्ड गेला. कॅबिनेट रिकामं करायला तास लागतो, तो द्या. खोलताना वायरींचे फोटो काढून ठेवा.

मापं ही: १२० मिमीच्या पंख्याची स्क्रूची भोकं १०५ मिमीच्या चौरसावर असतात, १४० मिमीच्या पंख्याची १२४.५ मिमीवर, जुन्या ८० मिमीच्या पंख्याची ७१.५ मिमीवर. १२० च्या पंख्यासाठी मधलं गोल ११४ मिमीचं करा. साडेचार इंची होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) अगदी त्याच मापाचा असतो.

जिथे कापायचं त्या जागी दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावा. रंग उडत नाही आणि पेन्सिलची रेघ दिसते. पुठ्ठ्याचा साचा करून आधी पंखा तिथे खरोखर बसतो का पाहा: आतून डिस्कचा पिंजरा, स्क्रू, पत्र्याची घडी आड येत नाही ना. पंखा २५ मिमी जाड असतो, त्यामागे वायरीलाही जागा लागते. केंद्रावर आणि चारही स्क्रूंच्या खुणांवर सेंटर पंचने टोचा, नाहीतर ड्रिल पत्र्यावर घसरतं. आधी ३ मिमीचं भोक, मग ४.५ मिमीचं.

स्वस्त कॅबिनेटचा पत्रा अर्धा-पाऊण मिलिमीटरचा असतो. होल सॉ अशा पत्र्यात दात अडकवून झटका देतो. मागे प्लायवूडचा तुकडा क्लॅम्पने घट्ट धरा, ड्रिलचा वेग कमी ठेवा, दाब हलका. होल सॉ नसेल तर गोलाच्या आत १० मिमीचं भोक पाडून तिथून जिगसॉ घाला, पातं धातूचं, इंचाला २४ दात्यांचं. वळणावर घाई केली की पातं तुटतं. ग्राइंडरने गोल कापण्याचा हट्ट नको. ठिणग्यांनी आजूबाजूचा रंग जळतो आणि गोल कधीच गोल येत नाही. डोळ्यांवर गॉगल हवाच. हातमोजे कीस उचलताना आणि कानस मारताना घाला. ड्रिल चालवताना नकोत, कापड फिरत्या टोकात गुंडाळलं तर बोट घेऊन जातं.

हे सगळं अवघड वाटत असेल, तर रिकामं कॅबिनेट आणि साचा घेऊन फॅब्रिकेशनवाल्याकडे जा. कुलरच्या बॉड्या बनवणारे कारागीर तर हेच काम रोज करतात. मात्र त्याला वेल्डिंग करू देऊ नका, पातळ पत्रा वाकतो. पॉप रिवेट मारायला सांगा.

कापल्यावर गोल कानसीने धार मोडा, बोट फिरवून खरचटत नाही इथपर्यंत. उघड्या लोखंडावर प्राइमरचा हात आणि वर स्प्रे पेंट. नाहीतर पावसाळ्यात कडेने गंज उतरतो. कडेला रबरी बीडिंग बसवा, गाडीच्या दुकानात मिळणारं यू आकाराचं चालतं. त्याने वायर कापली जात नाही आणि पंख्याची थरथरही कमी होते. शेवटी कॅबिनेट उलटं करून ठोका, ब्लोअर मारा आणि जुन्या स्पीकरचं चुंबक पिशवीत गुंडाळून प्रत्येक कोपऱ्यातून फिरवा. पिशवी उलटी केली की कीस वेगळा होतो. किती निघतो ते पाहून सगळं बाहेर काढायला का सांगितलं ते कळेल.

जुन्या कॅबिनेटचं नळकांडं

पतसंस्था, शाळा, टायपिंगची दुकानं इथे अजून जुनी काळी कॅबिनेटं दिसतात: एसएमपीएस वर, साइड पॅनेलला गोल जाळी आणि आतून प्लास्टिकचं नळकांडं. ते शोभेचं नाही. मघाशी सांगितलेल्या इंटेलच्या नमुन्यातूनच ते आलं. प्रोसेसरच्या पंख्याला कॅबिनेटमधली शिळी हवा न मिळता थेट बाहेरची मिळावी म्हणून. बहुतेक ठिकाणी दुरुस्तीत ते काढून फेकलेलं असतं.

कमी पैशांत सगळ्यात जास्त परिणाम देणारा बदल म्हणाल तर मी हाच सांगेन. कंपनीचा साधा हीटसिंक असेल, म्हणजे ज्याचा पंखा मदरबोर्डकडे तोंड करून हवा मारतो, तर प्लास्टिकच्या फाइलचा पुठ्ठा गुंडाळून पंख्याच्या व्यासापेक्षा किंचित मोठं नळकांडं करा. एक तोंड साइड पॅनेलच्या जाळीवर रिवेटने किंवा इपॉक्सीने बसवा. दुसरं तोंड हीटसिंकच्या पंख्यापासून १५ ते २० मिमी अंतरावर थांबलं पाहिजे. टेकलं तर थरथर आणि आवाज, फार लांब राहिलं तर गरम हवाच परत ओढली जाते. माप घ्यायची युक्ती: पंख्यावर ओल्या मातीचा किंवा कणकेचा गोळा ठेवा, साइड पॅनेल हलकेच बंद करून उघडा. दबलेल्या गोळ्याची उरलेली उंची म्हणजे पंख्यापासून पॅनेलपर्यंतचं अंतर, त्यातून २० मिमी वजा केले की नळकांड्याची लांबी. मशीन अर्थातच बंद हवं. उभा मोठा टॉवर हीटसिंक असेल तर याचा उपयोग नाही, त्याची हवा आडवी वाहते.

पंखे आणि वायरी

दुकानात पंखा घेताना त्यावर "१२ व्होल्ट डीसी" छापलंय ना ते बघा. वेल्डिंग मशीन आणि स्टॅबिलायझरला लागणारा २३० व्होल्टचा पंखाही दिसायला तसाच चौकोनी, १२० मिमीचा, फक्त ३८ मिमी जाड आणि धातूचा. स्वस्तात मिळतो म्हणून तो कॅबिनेटमध्ये बसवलेला पाहिलाय. घरातली वीज त्या उघड्या टोकांवर खेळते. तो नकोच.

पंख्यात काळी वायर भूमी (ग्राउंड), पिवळी १२ व्होल्ट, हिरवी वेग सांगणारी; बऱ्याच तीन पिनांच्या पंख्यांत मात्र लाल १२ व्होल्ट आणि पिवळी वेग सांगणारी. चौथी निळी असेल तर ती पीडब्ल्यूएमची, म्हणजे वेग कमी-जास्त करणारी. मदरबोर्डच्या एका पंखा-कनेक्टरवर साधारण १ ॲम्पिअरपेक्षा जास्त भार टाकू नये. पंख्याच्या स्टिकरवर ०.२० ॲम्पिअर असं लिहिलेलं असतं, त्याची बेरीज करा. जास्त पंखे असतील तर एसएमपीएसच्या साटा वायरीवर चालणारा हब घ्या. मोलेक्सवरून (एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून) जोडत असाल तर तिथे पिवळी १२ व्होल्ट आणि लाल ५ व्होल्ट. ५ व्होल्टवर पंखा मंद आणि जवळजवळ गुपचूप चालतो, पण काही पंखे त्यावर सुरूच होत नाहीत.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तीन पिनांच्या पंख्यासाठी डीसी मोड निवडा. पंखा-वक्र, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा ते, उतारासारखा ठेवा: प्रोसेसर ५० अंशांपर्यंत मध्यम, ७५ ला पूर्ण. आपल्याकडे मे महिन्यात काहीही न करता ५० येतं, त्यामुळे कंपनीचा मूळ वक्र दिवसभर पंखे वर-खाली करत राहतो आणि आवाजाने डोकं उठतं.

गाळणी आणि फटी

ओढणाऱ्या प्रत्येक पंख्यासमोर गाळणी हवी. बाजारातली चुंबकी डस्ट फिल्टर उत्तम. घरची करायची तर नायलॉनची मच्छरजाळी पुठ्ठ्याच्या चौकटीवर ताणा. भंगारातल्या फ्रिजच्या दाराच्या रबरात चुंबकी पट्टी असते, ती ओढून काढून चौकटीला चिकटवली की फिल्टर पत्र्यावर टपकन बसतो आणि निघतो. हे निघणं महत्त्वाचं. स्क्रूने बसवलेली गाळणी कुणी धूत नाही. जाड फोम लावू नका, तो हवा निम्म्यावर आणतो.

गाळणी आली म्हणजे थोडा अडथळा आला, म्हणून फटी बुजवायच्या. फेशिया आणि पुढच्या पत्र्यामध्ये पोकळी असते. पंखा तिथली हवा ओढण्याऐवजी कॅबिनेटमधलीच गरम हवा पत्र्याच्या रिकाम्या भोकांतून पुढे येऊन पुन्हा आत जाते. पंख्याभोवती फोमची पट्टी लावून ही गळती बंद करा. रिकाम्या पीसीआय स्लॉटच्या पट्ट्या, जुना फ्लॉपीचा कप्पा हेही झाका. वायरी मदरबोर्डच्या मागून नेऊन केबल टायने बांधा.

वाट बरोबर आहे का, हे उदबत्तीने पाहता येतं. मशीन चालू करा, पंखे पूर्ण वेगावर, आणि पेटती उदबत्ती समोरच्या जाळीजवळ, मग बाजूच्या प्रत्येक फटीजवळ फिरवा. समोर धूर आत वळला पाहिजे, फटीजवळ बाहेर ढकलला गेला पाहिजे, मागच्या पंख्याजवळ सरळ मागे उडाला पाहिजे. समोरच्या फेशियाच्या कडेने धूर गोल फिरताना दिसला तर तिथे गळती उरली आहे. राख आत पडणार नाही एवढं अंतर ठेवा.

खोली, टेबल, कूलर

कॅबिनेट कितीही चांगलं केलं तरी आतली हवा खोलीपेक्षा थंड होणार नाही. त्यामुळे खोलीत एक अंश उतरला की मशीनमध्येही जवळपास एक अंश उतरतो. धाब्याच्या जुन्या घरातलं मशीन स्लॅबखालच्या मशीनपेक्षा सुखी असतं, ते यामुळेच.

कूलरचा संगणकाला फायदा होतो. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्याने तो खोली चांगली उतरवतो. ओलाव्याने आत पाणी साचेल ही भीती नको, मशीन खोलीपेक्षा गरम असतं, तिथे दव धरत नाही. अडचण वेगळी आहे. बोअरचं पाणी क्षाराचं असतं, कूलरचे तुषार थेट कॅबिनेटवर आले की मदरबोर्डवर पांढरी पुटं बसतात. म्हणून कॅबिनेट कूलरच्या समोरच्या रेषेत नको, बाजूला ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा. पावसाळ्यात कूलर बंद.

संगणक-टेबलाचा तो बंद कप्पा हा स्वतंत्र शत्रू आहे. मागची प्लाय कापून टाका, नाहीतर मागून निघालेली गरम हवा बाजूने फिरून पुढच्या तोंडात जाते. पश्चिमेच्या भिंतीपासून निदान वीतभर अंतर ठेवा आणि जमिनीपासून चार इंच वर घ्या. एसएमपीएस खाली असेल आणि त्याचा पंखा खाली तोंड करून असेल, तर हे पायच त्याचा श्वास आहेत. भरतकामाचं कव्हर मशीन चालू असताना उतरवून ठेवा, हे सांगावं लागतं.

हे सगळं करूनही दुपारी तापतंच असेल, तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० वरून ९९ टक्के करा. टर्बो, म्हणजे गरजेला प्रोसेसर घेतो तो जादा वेग, बंद होतो. टायपिंग, टॅली, ऑनलाइन फॉर्म यांत फरक जाणवत नाही आणि तापमान चांगलं उतरतं. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंगवाल्यांना हे पटणार नाही, त्यांनी हीटसिंक मोठा घ्यावा.

शेवटी पुन्हा तीच चाचणी, तोच अर्धा तास, थर्मामीटर तिथेच. वहीतला जुना फरक आणि नवा फरक शेजारी लिहा. पानावर तारीखही टाका. पुढच्या वर्षी हाच आकडा चार-पाच अंशांनी वाढलेला दिसला, तर आधी गाळणी धुवा, मग हीटसिंकखालची रुई बघा आणि सगळ्यात शेवटी पेस्ट.